तिन्ही पाळ्यांची फुले
सुगंधी पाणवनस्पतींवरील पुस्तिकेची प्रस्तावना

पिंपरी-चिंचवडमध्ये कुणी म्हणाले की पाण्याला वास येतोय, तर ती तक्रारच असते. नळाला गढूळ पाणी आलेले असते, टँकर कुठल्या विहिरीवर भरून आला ते कुणालाच ठाऊक नसते, किंवा मार्च-एप्रिलच्या उन्हात पवनेच्या पुलावरून जाताना सडत्या जलपर्णीचा भपकारा नाकात शिरलेला असतो. आळंदीत इंद्रायणीवर तरंगणारा पांढरा फेस अलीकडच्या वर्षांत साऱ्या महाराष्ट्राने टीव्हीवर पाहिला. अशा गावात पाण्याला चांगला वास यावा म्हणून कुणी गच्चीवर टब मांडतो, त्यात पोयटा भरतो, कंद पुरतो आणि कळी वर येण्याची वाट बघतो, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. ही पुस्तिका त्या माणसांसाठी आहे: प्राधिकरणातल्या जुन्या बंगल्यांत राहणाऱ्यांसाठी, मोशी-चिखली-चऱ्होलीच्या नव्या इमारतींत हातभर बाल्कनी वाट्याला आलेल्यांसाठी, चाकणजवळ गुंठा-दीड गुंठ्यात घर बांधलेल्यांसाठी, आणि खेड-मावळात ज्यांच्याकडे अजून शेततळे आहे त्यांच्यासाठी.

सुगंधी पाणवनस्पती म्हटले की डोळ्यांपुढे थेट कमळ येते. मी सुरुवात भातापासून करतो, कारण या मुलखाला उभ्या पाण्यातून येणारा सुगंध भाताने शिकवला. वडगाव-कामशेतच्या बाजूला पावसाळा सरता सरता भात निसवायला लागला की खाचराच्या बांधावरून चालताना तो वास अंगावर येतो. आंबेमोहर हा मुळशी-मावळचा जुना भात. त्याच्या ‘आंबेमोहर १५७’ या वाणाचा आयआर-८शी संकर करून वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने ‘इंद्रायणी’ हा वाण काढला आणि १९८७ साली तो शेतकऱ्यांच्या हाती दिला. ज्या नदीचे नाव या तांदळाला मिळाले ती नदी आणि तो तांदूळ यांच्या वासांत आज केवढे अंतर पडले आहे, हे देहू-आळंदीच्या माणसाला मी सांगायला नको. सुवासिक तांदळाचा वास मुख्यतः ज्या रसायनामुळे येतो त्याचे नाव २-ॲसिटाइल-१-पायरोलिन. नेमके तेच रसायन केवड्याच्या कुळातल्या एका झाडाच्या पानांत भरपूर असते. आपल्याकडे कुणी त्याला अन्नपूर्णा म्हणतात, कुणी बासमतीचे पान. साध्या तांदळात शिजताना एक पान टाकले तरी घरभर आंबेमोहर शिजल्याचा भास होतो. हे झाड पाण्याच्या काठाला, ओल्या मातीत खुशाल वाढते आणि त्याला ऊनही फार लागत नाही. म्हणून या पुस्तिकेतले पहिले रोप तेच ठेवले आहे. ज्याच्या बाल्कनीत जेमतेम दोन तास ऊन येते त्याने कमळाच्या मागे न लागता इथून सुरुवात करावी.

आता मुख्य मुद्दा. फुलाचा रंग फोटोत येतो, वास येत नाही. वास घ्यायला माणूस त्या वेळी तिथे असावा लागतो, आणि पाण्यातल्या बहुतेक फुलांच्या वासाला ठरलेली वेळ असते. नर्सरीत किंवा मोबाइलवर आपण रंग पाहून रोप निवडतो आणि मग म्हणतो की याला वास कुठे आहे. वास असतो. तो येतो तेव्हा आपण कंपनीच्या बसमध्ये असतो. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली, मग टेल्को, बजाज आणि त्यांच्या मागोमाग शेकडो लहान वर्कशॉप आली. या शतकाच्या पहिल्या दशकाअखेरीस फोक्सवॅगन आणि मर्सिडीजचे कारखाने चाकणला उभे राहिले. तेव्हापासून या पट्ट्यातल्या घरांचे घड्याळ भोंग्याशी बांधलेले आहे. कोण कधी झोपतो, कधी जेवतो, मुलांना कधी भेटतो हे पाळीवर ठरते. तर झाडही पाळी पाहूनच निवडायला हवे. ही साधी गोष्ट मला कुठल्याच बागकामाच्या पुस्तकात सापडली नाही, कारण ती पुस्तके दिवसभर घरी असणाऱ्यांसाठी लिहिलेली असतात.

रात्रपाळी करून सकाळी सातला घरी येणाऱ्यासाठी कमळ. कमळाची कळी पहाटे सैल होऊ लागते आणि दुपारपर्यंत फूल मिटायच्या वाटेला लागते. एका फुलाचे आयुष्य तीन-चार दिवसांचे. पहिल्या सकाळी पाकळ्या पुरत्या उघडत नाहीत, वर लहानसे तोंड तेवढे होते, आणि वास सर्वांत दाट तेव्हाच असतो: गोडसर, थोडा बडीशेपेकडे झुकणारा, पण जड नाही. दुसऱ्या दिवशी फूल पूर्ण उघडते, पराग सुटतो आणि मधमाश्यांची गर्दी होते. तिसऱ्या दिवशी ते दिसायला सर्वांत भव्य, पण नाकाला बरेचसे रिकामे. फोटो काढायचा तर तिसरा दिवस, वास घ्यायचा तर पहिला.

यामागचे कारण फार सुंदर आहे. कमळाच्या फुलात आधी स्त्रीकेसर तयार होतात आणि पराग नंतर येतात, म्हणजे पहिल्या दिवशी दुसऱ्या फुलावरून पराग घेऊन कीटक येणे गरजेचे असते. त्यासाठी फूल स्वतःला तापवते. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेड विद्यापीठाचे रॉजर सेमूर आणि त्यांचे सहकारी यांनी १९९६ साली ‘नेचर’ या नियतकालिकात मोजमापे प्रसिद्ध केली. बाहेरची हवा १० अंश सेल्सिअस असो वा ३०, उमलते कमळ आपले तापमान ३० ते ३६ अंशांच्या दरम्यान राखून ठेवते. हवा थंड झाली की ते आपल्या आतला अन्नसाठा जास्त जाळते, हवा तापली की कमी. तापमान राखणे म्हणजे काय, त्याला किती ऊर्जा लागते आणि ते किती अवघड असते, हे भट्टीवर किंवा पेंट शॉपच्या ओव्हनवर काम करणाऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. एक फूल हे कुठल्याही मीटरशिवाय करते. या उबेने सुगंधी द्रव्ये लवकर हवेत उडतात, म्हणून गार सकाळी कमळाचा वास टबापासून चार हात दूरही जाणवतो.

कमळाचे पानही इथल्या लोकांसाठी खास आहे. चाकण-शिक्रापूर रस्त्यालगतच्या घरांत कशावरही दोन दिवसांत धुळीचा थर बसतो. कमळाच्या पानावर तो टिकत नाही. पानाच्या पृष्ठावर मेणाचे अतिसूक्ष्म उंचवटे असतात, त्यामुळे पाण्याचा थेंब पसरत नाही, घरंगळतो आणि जाताना धूळ घेऊन जातो. जर्मनीतल्या बार्थलॉट आणि नाइनहुइस यांनी १९९७ साली याचे सविस्तर विवरण केले आणि त्यातून आपोआप स्वच्छ राहणाऱ्या रंगांची व लेपांची कल्पना उद्योगात आली. लिलीच्या पानाला ही सोय नाही. धुळीच्या रस्त्यावर राहणाऱ्यांनी लिलीची पाने आठवड्यातून एकदा झारीने हलकेच धुवावीत.

कमळ कंदापासून लावावे की बियांपासून, हा प्रश्न सगळे विचारतात. फूल लवकर हवे तर कंद. फेब्रुवारी-मार्चमध्ये लावला तर पावसाळ्याच्या तोंडाशी कळ्या येऊ शकतात. टब गोल आणि तळाला भोक नसलेला असावा, कारण धावणारा कंद कोपऱ्यात अडकला की कुजतो. लावताना एकच काळजी: टोकाचा कोंब मोडू द्यायचा नाही. कोंब मोडला की कंद गेला. पण बियांची मजा वेगळी आहे आणि ती या पट्ट्यातल्या हातांसाठीच आहे असे मला वाटते. कमळाचे बी इतके कठीण असते की ते नुसते पाण्यात टाकले तर वर्षानुवर्षे तसेच पडून राहते. जपानमध्ये इचिरो ओगा यांना १९५१ साली चिबा इथल्या उत्खननात मिळालेल्या सुमारे २००० वर्षे जुन्या मानल्या गेलेल्या बीपासून कमळ उगवले, आणि चीनच्या ईशान्येकडील एका कोरड्या तळ्यातल्या सुमारे १३०० वर्षांच्या बीनेही कोंब धरला. त्या बीचे कवच भेदायला कानस लागते. बी पक्कडीत धरायचे, एका टोकाला बारीक कानशीने घासायचे आणि आतला फिकट गर जरासा दिसला की थांबायचे. अर्धा मिलिमीटर जास्त गेले तर आतला अंकुर दुखावतो. टूलरूममध्ये उमेदवारी केलेल्या माणसाला हे एका झटक्यात जमते. घासलेले बी कोमट पाण्यात ठेवले, रोज पाणी बदलले, की आठवडाभरात हिरवा कोंब बाहेर येतो.

दुसऱ्या पाळीचा माणूस सकाळभर घरी असतो. त्याच्यासाठी दिवसा उमलणाऱ्या लिली. त्या सकाळी आठ-नऊला उघडतात आणि दुपारी तीन-चारला मिटतात. आपल्या तळ्यांतले निळसर-पांढरे नीलकमळ याच गटातले, वास मंद पण स्वच्छ. लहान जागेसाठी मात्र मी ‘डॉबेन’ सुचवतो. ऑक्सफर्डच्या वनस्पती उद्यानाचे प्राध्यापक चार्ल्स डॉबेनी यांच्या नावाची ही एकोणिसाव्या शतकातली संकरित लिली आहे. फूल लहान, फिकट निळे, आणि आकाराच्या मानाने वास फार मोठा. बादलीएवढ्या भांड्यात ती राहते, आणि तिच्या पानाच्या देठाशी मधोमध नवे रोपटे फुटते, ते खुडून दुसऱ्या भांड्यात ठेवले की झाले. शेजाऱ्याला द्यायला याहून सोपे रोप नाही. थंड प्रदेशातल्या रंगीत लिली जगभर पोहोचवल्या त्या फ्रान्सच्या लातूर-मार्लियाक यांनी. १८७५ साली स्थापन झालेल्या त्यांच्या नर्सरीतूनच चित्रकार क्लोद मोने यांनी आपल्या तळ्यासाठी रोपे मागवली होती. त्या लिली इथेही फुलतात, पण अनेकांना वास जवळजवळ नसतो. वासासाठी उष्ण प्रदेशातल्या निळ्या-जांभळ्या जातीच घ्याव्यात.

लिलीबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवावी. पहिल्या दिवशी फुलाच्या मध्यभागी गोडसर द्रवाची वाटी भरलेली असते आणि त्यात कधी कधी माशी बुडून मरते. फूल खराब झाले असे समजून ते खुडू नये. तिच्या अंगावरचे पराग त्या द्रवात धुतले जावेत अशीच ती रचना आहे.

रात्री उमलणाऱ्या लाल-पांढऱ्या कुमुदांचे कौतुक पुष्कळ होते आणि दिसायला त्या आहेतही देखण्या. वासाच्या बाबतीत मात्र माझे मत वेगळे आहे. त्यांचा वास उग्र, थोडा टोचणारा असतो, आणि बंद बाल्कनीत तो त्रासदायक होतो. मोकळ्या तळ्यात त्या हव्यात, झोपायच्या खोलीच्या खिडकीखाली नकोत.

पहिली पाळी करून चारला घरी येणाऱ्याच्या वाट्याला संध्याकाळ येते, आणि संध्याकाळ सोनटक्क्याची. पाय ओले ठेवायला आवडणारे हे झाड पावसाळाभर फुलते. कळी तिन्हीसांजेला उघडते आणि रात्र चढेल तसा वास वाढतो. त्याचा कंद पाण्याखाली बुडवायचा नाही, टबाच्या कडेला विटेवर कुंडी ठेवून फक्त तळ ओला राहील असे पाहायचे. दुसरे झाड सुदर्शनाच्या कुळातले, क्रायनम विविपॅरम. सह्याद्रीतल्या नद्यांच्या पात्रात, खडकांच्या फटींतल्या गाळात ते वाढते, पुरात वाकते आणि पूर ओसरला की पुन्हा उभे राहते. त्याची पांढरी, कोळ्याच्या पायांसारख्या पाकळ्यांची फुले रात्री गंध देतात, कारण ती निशाचर पतंगांसाठी असतात. त्याचा कांदा विषारी आहे, लहान मुले आणि पाळीव कुत्री असलेल्या घरात तो हाताबाहेर ठेवावा.

आणि पाळी दर आठवड्याला बदलणारे? जनरल शिफ्टला नऊ ते सहा बाहेर असणारे? त्यांच्यासाठी पाने आणि मुळे, कारण त्यांना वेळ नसते. यात वेखंडाला मी सर्वांत वरचे स्थान देतो. महाराष्ट्रात क्वचितच असे घर असेल जिथे न्हाऊ घातलेल्या बाळाच्या अंगाला वेखंडाची पूड लागली नाही, पण ते झाड पाण्यात वाढते हे फार थोड्यांना माहीत असते. तलवारीच्या पात्यासारखी पाने, मधोमध उठून दिसणारी शीर. पान नुसते चुरगाळले की संत्र्याची साल आणि दालचिनी यांच्या मधला वास बोटांना दिवसभर राहतो. चार बोटे पाणी, मध्यम ऊन, एवढ्यावर ते वर्षानुवर्षे टिकते. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनेही ते मानाचे आहे: गवते, केळी, ताड, आले, कांदा अशा साऱ्या एकदलांच्या वंशवृक्षात वेखंडाची शाखा सर्वांत आधी वेगळी झाली. एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. टबातले वेखंड उगाळून बाळाला चाटवू नये. त्यातल्या बीटा-असारोन या द्रव्यामुळे अमेरिकेने १९६८ सालीच खाद्यपदार्थांत वेखंड वापरायला बंदी केली. अंगाला, कपड्यांच्या कपाटाला, पुस्तकांना त्याचा उपयोग खुशाल करावा. पोटात घेण्याचा प्रश्न वैद्यांचा.

वाळ्याचे उलट आहे, त्याच्या पानाला वास नाही, सगळे मुळांत. माठात टाकलेली वाळ्याची जुडी, कूलर येण्यापूर्वीचे ओले वाळ्याचे पडदे, हे आपल्या उन्हाळ्याचे वास आहेत. वाळा हे काठावरचे गवत. त्याची मुळे सरळ खाली तीन-चार मीटरपर्यंत जातात. १९८०च्या दशकात जागतिक बँकेच्या कामातून भारतात बांधबंदिस्तीसाठी त्याचा नव्याने प्रचार झाला, आणि नंतर सांडपाणी स्वच्छ करण्यासाठी तरंगत्या तराफ्यांवर तो लावण्याचे प्रयोग अनेक देशांत झाले. जड धातूंचा मारा तो पुष्कळ सोसतो. त्यामुळेच या पट्ट्यात सावध राहायला हवे. कारखान्याच्या नाल्याकाठी वाढलेल्या वाळ्याची मुळे माठात टाकू नयेत, त्या मुळांनी काय शोषले आहे ते वासावरून कळत नाही. माठासाठी वाळा घरच्या टबात, चांगल्या पाण्यावरच वाढवावा.

मत्स्यटाकीत सुगंधाचे काय, हा प्रश्न रास्त आहे. पाण्याखालच्या पानाचा वास आपल्यापर्यंत पोहोचत नाही. तो पोहोचतो छाटणीच्या दिवशी. बाकोपा कॅरोलिनियाना ही अमेरिकेतली वनस्पती, आपल्या नीरब्राह्मीची नातलग, तिचे पान चुरडले की लिंबाचा वास येतो. ती साध्या उजेडात वाढते, वेगळा कार्बन डायऑक्साइड द्यावा लागत नाही, म्हणून नवशिक्याने तीच घ्यावी. दुसरी लिम्नोफिला ॲरोमॅटिका. व्हिएतनामी लोक ती आंबट सारात घालतात, आणि तिथे ती भाताच्या खाचरांत वाढते. तिच्या कुळातल्या लिम्नोफिला महाराष्ट्रातल्या भातखाचरांतही तण म्हणून येतात, निंदणी करताना हाताला लागलेला तो कापरासारखा वास मावळातल्या बायकांना ओळखीचा असेल. टाकी वरून उघडी असेल तर लिम्नोफिलाची शेंडी पाण्याबाहेर येऊ द्यावी, बाहेर आलेल्या पानांचा गंध कितीतरी गडद होतो. फिल्टरच्या पेटीत पुदिन्याची मुळे सोडली तर माशांच्या मलातले नायट्रोजन तो खातो आणि स्वयंपाकघराला पाने मिळतात.

टाकीपाशी नाकाचा उपयोग आणखी एका कामासाठी होतो, आणि मला तो सुगंधाइतकाच महत्त्वाचा वाटतो. निरोगी टाकीला पहिल्या पावसानंतरच्या मातीचा हलका वास असतो. तो जिओस्मिनचा, मातीतले सूक्ष्मजीव ते तयार करतात, आणि माणसाचे नाक ते पाण्याच्या लाखकोटी भागांत काही मोजके भाग असले तरी ओळखते. हाच वास दाट, कोंदट झाला आणि काचेवर निळसर हिरवा बुळबुळीत थर दिसला, तर सायनोबॅक्टेरिया वाढले. सडक्या अंड्याचा वास आला तर तळातल्या मातीत हवा पोहोचत नाही आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होत आहे. चाचणीची किट विकत घेण्याआधी रोज एकदा टाकीवर वाकून श्वास घ्यावा.

पाण्याची बाजू इथे टाळता येत नाही. महापालिकेचे बहुतेक पाणी रावेतच्या बंधाऱ्यातून उचलले जाते, निगडीच्या केंद्रात शुद्ध होते, आणि २०१९च्या अखेरीपासून ते एक दिवसाआड मिळू लागले. साठवणीची सवय त्यामुळे लागलेलीच आहे, आणि उघड्या भांड्यात एक दिवस ठेवलेल्या पाण्यातला क्लोरीन निघून जातो, ते रोपांना आणि माशांना चालते. चाकण-मोशीकडच्या बोअरच्या जड पाण्यावर कमळ तग धरते, मत्स्यटाकीला ते सोसत नाही. एसीतून ठिबकणारे पाणी क्षारमुक्त असते, ते साठवून त्यात मिसळावे. दोन फूट व्यासाच्या टबातून एप्रिल-मेच्या उन्हात रोज दोन-अडीच लिटर पाणी उडून जाते, एवढे रोज देता येणार असेल तरच दुसरा टब घ्यावा. फूटभर खोलीचा असा टब माती-पाण्यासह शंभर किलोच्या पुढे जातो. बाल्कनीच्या कठड्याशी असे चार टब मांडण्याआधी इमारतीच्या अभियंत्याला विचारावे.

भंगारात मिळणाऱ्या निळ्या पिंपांबद्दल तर मी हात जोडून सांगतो. अर्धे कापलेले दोनशे लिटरचे पिंप टबासाठी उत्तम दिसते आणि स्वस्तही पडते, पण त्यात आधी काय होते ते विचारल्याशिवाय घेऊ नका. कुलंट, प्लेटिंगची रसायने, सॉल्व्हंट यांचे अंश प्लास्टिकमध्ये मुरतात आणि धुऊन जात नाहीत. खाद्यतेलाचे किंवा फळांच्या गराचे पिंप खात्रीने मिळाले तरच घ्यावे.

डासांसाठी प्रत्येक टबात मासे हवेतच, कारण उन्हाळ्यात अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. महापालिकांचे आरोग्य विभाग गप्पी मासे देतात आणि ते काम चोख करतात. पण गप्पी दक्षिण अमेरिकेतला आहे. त्याची जागा टब, ओढा नव्हे.

परक्या जिवांची आठवण इथे मुद्दाम काढली. पवना, मुळा आणि इंद्रायणीवर दरवर्षी हिवाळा संपता संपता पसरणारी जलपर्णी ही मुळात शोभेची पाणवनस्पती आहे. दक्षिण अमेरिकेतून ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगालमध्ये आली ती तिच्या जांभळ्या फुलांच्या हौसेपायी, आणि १९३६ साली तिच्यासाठी तिथे स्वतंत्र कायदा करावा लागला. सांडपाण्यातले नायट्रोजन आणि फॉस्फरस मिळाले की ती एक-दोन आठवड्यांत दुप्पट होते. महापालिका यंत्रे लावून ती काढते, नदीवर प्रेम करणारी माणसे चिखलात उतरून ती उपसतात, आणि जी राहते ती पुरासोबत भीमेतून उजनीपर्यंत जाते. म्हणजे पाण्यात सुंदर रोपे लावणाऱ्यांच्या छंदातूनच हे संकट आले. हा इतिहास आपला आहे आणि आपण तो ओळखून वागले पाहिजे. आपल्या टबातला एकही तुकडा नदीत जाऊ नये, एवढी काळजी या पुस्तिकेच्या प्रत्येक वाचकाने घ्यावी असे मला मनापासून वाटते.

उलट दिशेचा प्रवासही तितकाच वाईट. साताऱ्याच्या कास पठारावर आणि आसपासच्या सड्यांवर वायतुरा येतो. दोन फाट्यांचा त्याचा फुलोरा, शास्त्रीय नाव ॲपोनोजेटॉन सातारेन्सिस, शास्त्रज्ञांनी त्याचे वर्णन केले ते १९८२ साली. जगात तो फक्त उत्तर सह्याद्रीत आहे. त्याचे कंद उपटून टाकीत लावण्याचा मोह काही जणांना होतो. सड्यावरच्या उथळ पाण्याशिवाय तो जगत नाही आणि तिथली संख्या मात्र कमी होते. त्याला पाहायला जावे, आणायला जाऊ नये.

देशी पाणवनस्पती लावल्याने पाणी सुधारते याचे महाराष्ट्रातले सर्वांत चांगले काम भंडारा-गोंदियाच्या तलावांवर झाले आहे. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर समाजाच्या लोकांसोबत, विशेषतः बायकांसोबत, तलावांतली बेशरम काढून टाकली आणि तळाशी देशी पाणगवते व काठाशी तरंगणाऱ्या कुमुदिनी पुन्हा लावल्या. त्यामागोमाग देशी मासेही परतले. त्या कामाला जुन्या पिढीच्या मच्छीमारांची वनस्पतींची ओळख उपयोगी पडली. आपल्याकडे ती ओळख फार थोड्यांत उरली आहे, पण ती पुन्हा मिळवता येते. मुंबई इलाख्याची वनस्पतिसूची १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध करणारे थिओडोर कुक हे मुळात रेल्वेचे अभियंते, पुढे पुण्याच्या सायन्स कॉलेजचे, म्हणजे आजच्या सीओईपीचे, प्राचार्य. यंत्रे आणि पूल जाणणाऱ्या माणसाने ओढ्याकाठचे प्रत्येक झाड ओळखायला शिकावे, ही परंपरा या भागात आधीपासून आहे. पिंपरीच्या टेल्को कारखान्यात सुमंत मुळगावकरांनी झाडे लावून तळे करवून घेतले, आज ते सुमंत सरोवर म्हणून ओळखले जाते आणि तिथे पक्षी येतात.

पुस्तिकेत पुढे प्रत्येक वनस्पतीला दोन-तीन पाने दिली आहेत: लागवडीचा महिना, पाण्याची खोली, खत, वासाची वेळ. वासाची वेळ मी स्वतः निगडी आणि चाकणच्या गच्च्यांवर पाहिलेली आहे, कोकणात किंवा विदर्भात ती थोडी मागेपुढे होईल. फेब्रुवारीत टब रिकामे केले की कमळाचे कंद लावले त्याच्या कितीतरी पट निघतात. ते कंपनीतल्या सोबत्यांना, शाळांना द्या. उरले ते फरशीवर उन्हात पूर्ण वाळवा आणि मग खताच्या खड्ड्यात टाका. ओढ्यात, नदीत किंवा विसर्जनाच्या हौदात नाही. जलपर्णी, साल्व्हिनिया, पिस्टिया आणि कबोंबा या चार वनस्पती दुकानांत सहज मिळतात, तरी त्यांची लागवड या पुस्तिकेत कुठेही सांगितलेली नाही. त्या नेमक्या ओळखता याव्यात आणि चुकून कुणाच्या टबात आल्या तर वेळीच काढता याव्यात, म्हणून त्यांची चित्रे तेवढी शेवटच्या पानावर दिली आहेत.